तबकडी, नक्कल आणि कारभारी

‘आयएसओ डंप केली, स्क्रब करून डब्ल्यूबीएफएस बनवली, मॅनेजरमधून ड्राइव्हवर टाकली, पण लोडरने उचलली नाही.’ फेरफार केलेल्या जुन्या कन्सोलवर खेळांच्या प्रती चालवणाऱ्या कुणाही मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य सहज येईल. म्हणजे तबकडीची पूर्ण प्रत काढली, ती आटोपशीर केली, प्रती लावून देणाऱ्या आज्ञावलीने (मॅनेजर) ड्राइव्हवर ठेवली, पण खेळ चालू करणाऱ्या आज्ञावलीने (लोडर) ती घेतली नाही. मूळ वाक्यातली क्रियापदे आणि विभक्ती आपल्या, नामे बहुतेक सगळी पाहुणी. पण या पाहुण्यांची कुळे शोधू लागले की त्यांच्यातले काही आपले जुने आप्त निघतात. वरवर आप्त वाटणारे काही मात्र परके ठरतात. या शोधात भेटणाऱ्या शब्दांपैकी निदान तिघा-चौघांच्या मुळाशी घोडा आणि ओझे असावे, ही गंमत तर मला फारच लोभस वाटते.

आरंभ डिस्कपासूनच करू. ग्रीक ‘दिस्कोस’ म्हणजे फेकायची चकती. ‘दिकेइन’ म्हणजे फेकणे, या धातूपासून तो शब्द झाला असावा असे सांगतात. लॅटिनमध्ये ‘डिस्कुस’ झाल्यावर त्याला ताटाचा अर्थ चिकटला आणि तिथून इंग्रजीत तो तीन-चार वाटांनी शिरला. जेवणाची डिश, लिहिण्याचे डेस्क, सभागृहातला डेइस आणि अखेर आपली डिस्क ही सगळी एकाच आईची लेकरे. इंग्रजी लेखक तिच्या अखेरच्या वर्णावरून अजून भांडतात. प्रकाशाने वाचायच्या तबकडीला एक वर्ण आणि चुंबकीय तबकडीला दुसरा, असा शिरस्ता त्यांनी पाडला आहे. देवनागरीत हा तंटा उद्भवतच नाही.

मराठीने या वस्तूला ‘तबकडी’ म्हटले तेव्हा तीही ताटाच्याच वाटेने आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अरबी ‘तबक’ म्हणजे झाकण, थर, आणि मग ताट. फारसीतून ते मराठीत आले ते विडे, अत्तरदाणी, हळदीकुंकू यांचे तबक होऊन. त्याला ‘डी’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला, ग्रामोफोन आला, आणि गाण्याची तबकडी झाली. मग आकाशात उडती तबकडीही दिसू लागली. ग्रीक-लॅटिन परंपरेत चकतीची थाळी झाली, आपल्याकडे थाळीची चकती झाली. अरबीतला ‘थर’ हा अर्थ आपण सोडून दिला, पण हिंदी-उर्दूत ‘तबका’ म्हणजे समाजातला थर अजून जिवंत आहे. प्लेस्टेशन टू किंवा निन्टेन्डोचा वी या कन्सोलांच्या काही खेळांसाठी दुहेरी थराची, सुमारे ८.५ जीबीची डीव्हीडी लागे. तिला ‘दोन तबकांची तबकडी’ म्हटले तर अरबी व्याकरणकारही मान डोलावील. तव्याचेही नाते इथे जोडतात. फारसी ‘ताबा’ म्हणजे तापवायचे पसरट भांडे, त्याचे अरबी रूप ‘ताबक’, असे जुने अरबी कोशकारच मानत. मात्र ते आणि आपले ‘तबक’ एकच की केवळ शेजारी, याविषयी खात्रीने बोलणे अवघड दिसते. तवा मात्र संस्कृत ‘तप्’ धातूचा इराणी भाऊबंद आहे, यात शंका नसावी.

कन्सोलविषयी थोडक्यात. फ्रेंच वास्तुशिल्पात सज्जाखाली किंवा कंगणीखाली आधाराला जो कोरीव दगड बसवतात तो ‘कॉन्सोल’. तिथे पुष्कळदा माणसाची आकृती कोरलेली असे. तिला ‘सांत्वन करणारा’ अशा अर्थाचे नाव असावे आणि त्याचा संक्षेप होऊन हा शब्द झाला असावा, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क ‘घट्ट करणे’ या क्रियापदाकडे जातो. त्या आधारावर बसवलेले मेज, मग चर्चमधल्या ऑर्गनच्या पट्ट्या-कळांचा चौरंग, मग यंत्रशाळेतले नियंत्रणाचे मेज, आणि शेवटी दूरदर्शनसंचाखालची खेळपेटी, असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे डेस्कही मेज आणि कन्सोलही मेज. एका मेजाच्या पोटात दुसऱ्या मेजाची चुलतबहीण फिरते.

‘आयएसओ’ हे प्रकरण जास्त रंगतदार आहे. प्रमाणीकरणाच्या जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे हे नाव. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा क्रम याहून वेगळा येतो, फ्रेंचचा आणखी वेगळा. म्हणून संस्था सांगते की हा संक्षेप नव्हेच. ग्रीक ‘इसोस’ म्हणजे समान, त्यावरून सर्व भाषांना सारखे असे नाव घेतले. व्युत्पत्ती सुरेख आहे. पण १९४६ साली लंडनला स्थापनेच्या बैठकीस हजर असलेले स्विस प्रतिनिधी विली क्यूर्ट यांनी नंतर आठवण सांगितली की तिथे या ग्रीक शब्दाचा उल्लेखही झाला नव्हता. म्हणजे ही मागाहून सुचलेली व्युत्पत्ती असावी. लोकव्युत्पत्ती फक्त अडाणी लोकच करतात असा समज आहे. एखादी मान्यवर संस्था स्वतःच्या नावाविषयीही ती करू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या संस्थेने १९८८ साली ९६६० क्रमांकाचे मानक काढले. सीडीवर फायली कशा मांडायच्या, याचे ते नियम. त्याचा पहिला खर्डा ‘हाय सिएरा’ या नावाने ओळखला जाई, कारण १९८५ साली उद्योगातली मंडळी ज्या हॉटेलात जमली त्याचे नाव ते होते. या मानकाच्या सर्वांत कडक पायरीवर फायलीचे नाव आठ अक्षरे, एक टिंब आणि तीन अक्षरे एवढ्यातच बसवावे लागे. त्याचा ठसा प्लेस्टेशन टूच्या तबकड्यांवर आजही वाचता येतो. खेळाच्या मुख्य फायलीचे नाव ‘एसएलयूएस_२०३.१२’ अशा घाटाचे असते. चार रोमन अक्षरे, एक अधोरेषा आणि तीन अंक मिळून आठ, मग टिंब, मग उरलेले दोन अंक. मूळ क्रमांक पाच अंकी आणि सलग आहे. तो मध्येच तोडला तो बहुधा या आठ-तीनच्या चौकटीसाठीच असावा. त्या चार अक्षरांतले तिसरे प्रदेश सांगते: यू असेल तर अमेरिका, ई असेल तर युरोप, पी असेल तर जपान. ओपन पीएस टू लोडर या प्लेस्टेशन टूच्या लोडरसाठी फायली लावून देणारी साधने हेच नाव वाचून खेळ ओळखतात आणि मुखपृष्ठाचे चित्र शोधून आणतात. म्हणजे ही अक्षरे म्हणजे खेळाचे गोत्रच.

आता अर्थ कसा सरकला ते पाहा. निन्टेन्डोच्या गेमक्यूबच्या किंवा वीच्या तबकडीवरची मांडणी या मानकाप्रमाणे नाही. निन्टेन्डोची स्वतःची वेगळी रचना आहे. तरीही त्या तबकडीच्या पूर्ण प्रतीला जगभर ‘आयएसओ’च म्हणतात. मानकाचे नाव मानकाबाहेरच्या वस्तूला लागले. संस्थेचे नाव होते, ते मानकाचे झाले, मग त्या मानकाने बांधलेल्या प्रतीचे, आणि अखेर कुठल्याही तबकडीच्या कुठल्याही अखंड प्रतीचे. वनस्पती तुपाला आपण एका छापाच्या नावाने ‘डालडा’ म्हणू लागलो, त्याच जातीचा हा अर्थविस्तार दिसतो.

या प्रतीला इंग्रजीत ‘इमेज’ म्हणतात आणि मराठीत भाषांतर करणारा लगेच ‘प्रतिमा’ लिहून मोकळा होतो. मूळ अर्थ पाहिला तर शब्द चुकीचा नाही. ‘प्रति’ अधिक ‘मा’, म्हणजे एकासमोर एक धरून मापलेले. बाइटाला बाइट लावून घेतलेल्या प्रतीचे याहून नेमके वर्णन कोणते? लॅटिन ‘इमागो’चा गोतावळाही जवळचाच. अनुकरण करणे या अर्थाचा ‘इमितारी’ आणि बरोबरी करू पाहणारा तो ‘एमुलुस’ हे दोन्ही त्याच मुळाचे असावेत असे मानतात. म्हणजे इमेज ही तबकडीची प्रतिकृती, आणि ती ज्या संगणकी सोंगावर चालवायची तो एम्युलेटर, हे दोघे सख्खे भाऊ ठरतात! कुणी ठरवून नावे ठेवली असती तर इतकी जुळली नसती.

तरीही ‘प्रतिमा’ मला इथे पटत नाही. मराठीत तिच्याभोवती देव्हारा आहे, कविता आहे आणि पुढाऱ्याची जनमानसातली प्रतिमाही आहे. ‘वीस प्रतिमा कॉपी केल्या’ असे वाचल्यावर डोळ्यांसमोर छायाचित्रे येतात. मूळ अर्थ कितीही नेमका असला तरी चालत्या बोलीतला अर्थच शेवटी जिंकतो. व्युत्पत्ती शब्दाला समजून घ्यायला मदत करते, तो कुठे वापरायचा याचा हुकूम देत नाही.

मग ‘कॉपी’? तिचा इतिहास तिच्या आजच्या धंद्याला साजेसाच आहे. लॅटिन ‘कोपिया’ म्हणजे विपुलता. हस्तलिखित उतरवून घेण्याची मुभा देणे या अर्थाच्या वाक्प्रचारातून मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा ‘नक्कल’ हा अर्थ झाला असावा. त्यातला ‘ओप्स’ म्हणजे संपत्ती, आणि तो वैदिक ‘अप्नस्’ म्हणजे मालमत्ता या शब्दाचा सगोत्र मानला जातो. पण मराठी शाळेने कॉपीला परीक्षेच्या खोलीत असे काही डांबले आहे की तिच्याकडे कुणी सरळ नजरेने पाहत नाही.

माझा कौल ‘नक्कल’ला आहे आणि त्याची कारणे जरा सविस्तर सांगतो. अरबी ‘नक्ल’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. वाहतूक हा पहिला अर्थ, एका कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर नेणे हा दुसरा, आणि दुसऱ्याच्या बोलण्या-चालण्याची ढब आपल्या अंगावर आणणे हा तिसरा. उर्दूत माणूस इहलोकातून निघून जातो त्याला ‘इंतकाल’ म्हणतात, तेही याच धातूचे रूप. मराठीत येताना ‘नक्ल’चे ‘नक्कल’ झाले ते एका ओळखीच्या वळणाने. शेवटी दोन व्यंजने अडकलेला अरबी शब्द आला की मराठी जीभ पुष्कळदा पहिल्याला दुप्पट करते आणि मधे स्वर घालते. अक्लची अक्कल, शक्लची शक्कल, अस्लचे अस्सल, नक्लची नक्कल. यातल्या शक्कलचा अर्थ तर पार पालटला. मूळचा ‘आकार’ आपल्याकडे ‘युक्ती’ झाला. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसीला संस्कृत पर्याय दिले खरे, पण महसुलाच्या दप्तरात ही मंडळी मुक्काम ठोकून राहिली. सातबाऱ्याची नक्कल काढायला तलाठ्याकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला त्यात लबाडीचा वास येत नाही. उलट त्या कागदावर जुन्या पद्धतीने ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असेल तर तो निर्धास्त होतो. ‘बर’ हे फारसी उपसर्गवजा अव्यय, ‘हुकूम’ अरबी. मूळ दस्ताच्या आज्ञेबाहेर एक अक्षर गेलेले नाही, एवढा त्याचा अर्थ.

तबकड्या जतन करणाऱ्यांचे काम नेमके हेच आहे. रीडंपसारखा प्रकल्प एकेका तबकडीच्या वाचनातून निघालेले सीआरसी, एमडीफाइव्ह, शा-वन हे आकडे नोंदवून ठेवतो. आपण घेतलेल्या प्रतीचा आकडा त्या नोंदीशी जुळला की प्रत बाइटागणिक खरी. शा-वनचा तो चाळीस अक्षरी आकडा म्हणजे तलाठ्याचा शिक्काच समजा. ‘व्हेरिफाय’ या कळीसाठी ‘बरहुकूम आहे का पाहा’ असे कुणी लिहिले तर मला फार आनंद होईल.

पण सगळ्या नकला बरहुकूम नसतात. वीच्या एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. खेळाचा खरा मजकूर कित्येकदा त्याच्या निम्माही नसतो. उरलेली जागा रिकामी न ठेवता ती स्वैर दिसणाऱ्या बाइटांनी भरलेली असते. ती वगळून प्रत लहान करण्याला ‘स्क्रब’ म्हणतात. शब्द डचांकडून आलेला दिसतो, अर्थ घासून धुणे. इथे मात्र धुण्याचा संबंध नाही, दाणा ठेवायचा आणि कोंडा उडवायचा आहे. मराठीत यासाठी ‘पाखडणे’ हा शब्द सुपासकट तयार बसला आहे. २००९च्या सुमारास आलेली डब्ल्यूबीएफएस, म्हणजे ‘वी बॅकअप फाइल सिस्टिम’, मुळात अशा पाखडलेल्या नकला ठेवण्याची ड्राइव्हवरची स्वतंत्र मांडणी होती. पुढे तेच नाव एका खेळाच्या एका फायलीला लागले, म्हणजे कोठाराचे नाव पोत्याला. फॅट ३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल राहत नाही, तेव्हा मॅनेजर तिचे तुकडे करून ठेवतो. प्लेस्टेशन टूच्या जगातही यूएसबीवर खेळ ठेवायचा तर त्याचे असेच खंड पाडण्याची रीत आहे. सगळ्या खेळांची यादी तिथे एका छोट्या फायलीत राहते आणि नावाला ३२ बाइटांची जागा मिळते. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे त्या जागेत आपली जेमतेम दहा चिन्हे बसतील, त्यात काना-मात्राही मोजायच्या.

पाखडलेल्या नकलेचा आकडा नोंदीशी जुळत नाही हे उघड आहे. यावर निघालेली तोड मला फार आवडते. तो कोंडा दिसतो स्वैर, पण एका ठरलेल्या गणिती सूत्राने तयार होतो. बीजसंख्या कळली की तो जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. डॉल्फिन या एम्युलेटरने २०२० साली आणलेला आरव्हीझेड हा प्रकार कोंड्याऐवजी त्याचे बीज जपतो. प्रत लहान राहते आणि हवी तेव्हा अस्सल बरहुकूम होते. बीज आणि कोंडा हे शब्द इथे मी ओढूनताणून आणलेले नाहीत. बीजाला इंग्रजीतही ‘सीड’च म्हणतात.

‘मॉड’वरून मात्र सावध राहावे. ‘कन्सोल मॉड केला’ हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘मोडला’ ऐकू येते. लॅटिन ‘मोदुस’ म्हणजे माप, रीत. त्याला ‘करणे’ जोडून झालेल्या शब्दाचा हा तुकडा. आपले ‘मोडणे’ निराळ्या कुळातले. त्याच कुळात रकमेची मोड येते आणि मोडी लिपीही त्यातलीच असावी. मात्र हात न उचलता वळणे मोडून लिहिलेली ती लिपी म्हणजे बाळबोधीचे ‘मॉडिफिकेशन’च होते, एवढा योगायोग कबूल केला पाहिजे. अशा कन्सोलवर चालणाऱ्या, हौशी लोकांनी घरी लिहिलेल्या आज्ञावलीला ‘होमब्रू’ म्हणतात. हा मुळात घरगुती आसवाचा शब्द. तो संगणकाच्या प्रांतात कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये १९७५च्या मार्चमध्ये भरलेल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमुळे रुजला असावा.

आता घोडा. वी २००६ साली बाजारात आला. २००७च्या डिसेंबरात बर्लिनमधल्या हॅकरांच्या परिषदेत काही जणांनी त्याच्या स्मृतीतल्या पत्त्यांच्या तारा चिमट्याने जोडून आतली गुपिते वाचल्याचे दाखवले. चिमट्यावरूनच त्या गटाने स्वतःला ‘टीम ट्वीझर्स’ म्हणवून घेतले. २००८च्या फेब्रुवारीत त्यांनी काढलेली युक्ती, शक्कल म्हणा, अशी होती: ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या खेळाच्या जपून ठेवलेल्या फायलीत नायकाच्या घोडीचे नाव वाजवीपेक्षा लांब लिहायचे. खेळ ते नाव ठरलेल्या जागेत उतरवू लागला की जागा ओसंडून पुढच्या आज्ञांवर सांडे आणि यंत्र परक्या आज्ञावलीच्या हाती जाई. त्या घोडीचे मूळ नाव एपोना.

एपोना ही गॉल लोकांची अश्वदेवता. रोमन घोडदळाने तिला आपलीशी केली आणि तबेल्यांतून तिची पूजा होई. गॉलिश ‘एपोस’ म्हणजे घोडा. लॅटिन ‘एक्वुस’, फारसी ‘अस्प’ आणि संस्कृत ‘अश्व’ हे सगळे एकाच मुळाचे. मराठीने ‘घोडा’ घेतला तो ‘घोटक’कडून, आणि ‘घोटक’ संस्कृतातही बाहेरचा असावा असे पुष्कळांना वाटते. पण अश्व मराठीतून गेला नाही. तो वेश पालटून राहिला आहे. प्राचीन फारसीत ‘असबार’ म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. त्याचा ‘असवार’, मग ‘सवार’, आणि मराठीत ‘स्वार’. वीचे दार ज्या नावाने उघडले ते आणि शिवरायांच्या घोडदळातला स्वार यांच्यात एक मूळ समाईक आहे: स्वारातला तो ‘स’ म्हणजे उरलासुरला अश्व, आणि ‘वार’ म्हणजे ‘भृ’ धातूचा भार.

या भाराला धरूनच लोडरकडे जाता येते. इंग्रजी ‘लोड’चा जुना अर्थ ओझे नव्हे, वाट. ध्रुवताऱ्याला ‘लोडस्टार’ म्हणत तो वाट दाखवणारा म्हणून. ओझ्याचा अर्थ त्याला ‘लेड’ या जवळच्या क्रियापदाच्या संगतीने आला. आणि हे ‘लेड’ आपल्या ‘लादणे’शी इतके हुबेहूब जुळते की नाते सांगायचा मोह अनावर होतो. तो आवरावा. लेडच्या जुन्या रूपाच्या आरंभी ‘ह’ होता, आणि लादणे हे ‘लर्दयति’ या कोशांत आढळणाऱ्या रूपापासून प्राकृतातून आलेले दिसते. गादीवरचा लोड तर तिसऱ्याच घरचा, लोटणे-लोळणे या कुळातला असावा. तीन लोड, तीन गोत्रे.

लोडरचा खरा प्रतिशब्द मात्र मराठ्यांच्या लष्करात सापडतो. फारसी ‘बार’ म्हणजे ओझे, ‘गीर’ म्हणजे घेणारा. बारगीर हा मुळात ओझ्याचा घोडा, पुढे त्यावर बसणारा शिपाई. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीराचा सरकारी. बंगाल्यात १७४०च्या दशकात मराठी फौजा गेल्या तेव्हा याच शब्दाचे ‘बर्गी’ झाले आणि तिथल्या लहान मुलांना भीती घालायला कामी आले. ‘बार’ म्हणजे आपला भारच, ‘गीर’ हा वैदिक ‘ग्रभ्’चा भाऊ. २००० सालच्या मार्चमध्ये जपानात आलेल्या आणि पुढे १५ कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन टूवर परक्या ड्राइव्हवरचा खेळ उचलून आणणारा लोडर हा शब्दशः बारगीर आहे. घोडाही त्याचा स्वतःचा नाही.

राहिला मॅनेजर. मराठीत हा शब्द कापडगिरण्या, बँका आणि सिनेमागृहे यांच्या दारांवरून आला. त्याचे क्रियापद तर हल्ली फारच बदनाम झाले आहे: ‘मॅनेज केला’ म्हटले की सामना, निवडणूक किंवा साहेब यांपैकी काहीतरी विकले गेले असे समजतात. मुळात इटालियन ‘मानेज्जारे’ म्हणजे हाताने वळवणे, हाताळणे. ‘मानो’ म्हणजे हात. हाताळायचे काय, तर घोडा! सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द शिरला तो घोड्याला चाल शिकवण्याच्या अर्थाने, आणि फ्रेंचमध्ये ‘मानेज’ म्हणजे आजही अश्वशिक्षणाची जागा. ही वाट एकट्या युरोपची नव्हे. अरबी ‘सियासा’ म्हणजे राज्यकारभार, उर्दूतली ‘सियासत’. तिचा धातू मुळात घोड्यांची निगा राखण्याचा, आणि घोड्याची चाकरी करणारा तो ‘साइस’. आपण त्याला मोतद्दार म्हणत आलो, म्हणून हे नाते मराठीत दिसत नाही. घोडा आवरता आला की राज्य आवरता येईल, असे भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांना वेगवेगळे सुचले असावे.

मराठीत याच अर्थाला ‘कारभारी’ आहे. फारसी ‘कार-ओ-बार’, काम आणि ओझे. त्यातल्या ‘बार’ला संस्कृत ‘भारा’ची ओळख पटली आणि मराठीत ‘भ’ आला, असे दिसते. म्हणजे स्वारातला भार, बारगीरातला भार आणि कारभारातला भार एकच. लोडर आणि मॅनेजर इंग्रजीत एकमेकांचे कुणी नव्हेत. बारगीर आणि कारभारी मराठीत सख्खे आहेत. ड्राइव्हवर नकला लावणारा, त्यांची नावे दुरुस्त करणारा, तुकडे पाडणारा, मुखपृष्ठे आणणारा आणि आकडे तपासणारा तो कारभारी, आणि प्रत्यक्ष खेळ उचलून यंत्रात नेणारा तो बारगीर. कामाची वाटणीही अशीच आहे.

शेवटी ‘बॅकअप’. या सगळ्या साधनांच्या नावांत तो आवर्जून असतो. कधी प्रामाणिकपणे, कधी दुसऱ्याच्या मालाला पांघरूण म्हणून. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक-आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, ती नष्ट किंवा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करू देते. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५क हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलपे फोडणाऱ्याला शिक्षाही सांगते. या दोन कलमांच्या मधल्या जागेत हा शब्द उभा आहे. ‘बॅक’ म्हणजे पाठ, आणि पाठीशी उभे राहणे हाच त्याचा पहिला अर्थ. मराठीत त्याला ‘पाठराखण’ आहे. नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण तिची जागा घेत नाही, सोबत करते आणि परत येते. आपल्याजवळच्या तबकडीची प्रत असेल तर ती पाठराखण. तबकडीच नसेल तर त्या फायलीला तो शब्द लावू नये.

या साधनांच्या मराठी यादीपट्ट्या कुणी लिहायला घेतल्या, तर त्यांना माझी विनंती एवढीच: इमेजला नक्कल म्हणा, आकडा जुळला तर अस्सल बरहुकूम म्हणा, स्क्रबला पाखडणे म्हणा, आणि ‘प्रतिमा व्यवस्थापन प्रणाली’ असे काही लिहिण्यापूर्वी कारभाऱ्याला एकदा विचारून पाहा.